घर बांधलं की नीट केलं?

"सर, तुम्ही घर बांधलं की घर नीट केलं?"

जून 2025 मधली गोष्ट. बेळगावात, टिळकवाडीतल्या एका माडीवरच्या ऑफिसात मी बसलो होतो. टेबलापलीकडची सीए म्हणजे माझीच नववीतली विद्यार्थिनी. मी तिच्यापुढं जाडजूड फाईल ठेवली होती: कौलं, वासे, रिपा, फरशी, वायरिंग, रंग, गवंड्याच्या आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या. एकूण 17 लाख 40 हजार. माझ्या हिशेबानं ती फाईल म्हणजे कॅपिटल गेनमधून, आमचा फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावरच्या करातून, सुटकेचं पत्र होतं. तिनं चार-पाच बिलं उलटली आणि वरचा प्रश्न विचारला.

"दोन्हीत फरक काय?" मी म्हणालो.

"साडेतीन लाखांचा," ती म्हणाली.

मी पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. पोरांना सांगायचो, आकडेमोड नंतर, आधी उदाहरण नीट वाचा. मी स्वतः उदाहरण न वाचताच उत्तर काढून बसलो होतो.

हे सगळं सुरू झालं शहापुरातल्या आमच्या जुन्या घरापासून. आजोबांनी घेतलेलं घर. शहापूर तेव्हा बेळगावात नव्हतं, सांगली संस्थानात होतं. त्यामुळं मूळ खरेदीचा कागद संस्थानच्या शिक्क्याचा आणि त्यातला निम्मा मोडीत. पुढं 1948 ला संस्थान विलीन होऊन आम्ही मुंबई राज्यात, आणि 1956 ला म्हैसूर राज्यात. एकाच घराचे कागद तीन राज्यांचे, आणि आताचा सिटी सर्व्हेचा (सीटीएसचा) उतारा कन्नडमध्ये. हे सांगायचं कारण एवढंच की त्या घराबद्दल काहीही करायचं म्हटलं की आधी तासभर कागद वाचायला जातो. रस्त्यावर तोंड, आत लांबच लांब: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी, मग परडं आणि परड्यात आड. वडील गेल्यावर 2022 मध्ये कोल्हापूरची बहीण येऊन हक्कसोड देऊन गेली आणि घर माझ्या एकट्याच्या नावावर लागलं. हक्कसोडीच्या कागदावर सही करताना ती म्हणाली, "दादा, घर पाडू नको बाबा. कौलं तेवढी बदल." तिचा शब्द मी पाळला, आणि आयकराच्या दृष्टीनं तिथंच फसलो.

आम्ही स्वतः राहायला होतो भाग्यनगरात, फ्लॅटमध्ये. 2008-09 ला घेतला होता, स्टँप-रजिस्ट्रेशन धरून 14 लाख 20 हजारांना. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सौ.च्या गुडघ्यांनी शेवटी निकाल दिला. 2023 ला मी रिटायर झालो, त्याच पावसाळ्यात शहापूरच्या घराची मागची बाजू, न्हाणी आणि तिच्या शेजारची लाकडं ठेवायची खोली, एका रात्रीत बसली. मातीची भिंत पाणी पिऊन पिऊन फुगते आणि मग आवाज न करता गुडघे टेकते. शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा परड्यात नुसता चिखलाचा ढीग आणि त्यावर आमच्या आईचा तांब्याचा बंब आडवा.

मग ठरलं. पुढचं घर नीट करून घ्यायचं, फ्लॅट विकायचा, शहापुरात राहायला जायचं. मागचं पडलेलं नंतर बघू. "नंतर बघू" हे तीन वर्षांत माझ्याकडून झालेलं एकमेव शहाणपण. तेही मुद्दाम केलेलं नव्हे.

दुरुस्ती आणि विक्री यांचा मेळ बसवणं हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गवंडी म्हणाला चार महिने. झाले चौदा. आढं काढलं तर आत वाळवी. तुळईवर बोट ठेवलं की बोट आत. जुनी कौलं उतरवून परड्यात रचली. कौलाच्या पोटावर कारखान्याचा शिक्का, त्यावर शंभर वर्षांची काजळी. निम्मी चांगली निघाली, म्हणून नवी निम्मीच घेतली. मे 2024 मध्ये फ्लॅटला गिऱ्हाईक आलं, 58 लाख. त्याला शाळा सुरू व्हायच्या आत ताबा पाहिजे होता. आमच्या शहापूरच्या घराला तेव्हा छप्पर नव्हतं. शेवटी हिंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, भांडी पेटाऱ्यांत, पुस्तकं पोत्यांत. पावसाळाभर रोज सकाळी शहापूरला जाऊन ताडपत्री कुठं फाटली ते बघायचं हा माझा रिटायरमेंटनंतरचा उद्योग. (त्या भाड्याचा पैसा कुठंच वजा होत नाही. विचारलं मी.)

विक्री तशी सरळ झाली. गिऱ्हाईकानं आधी "थोडं रोखीत चालेल का" असं हळूच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. गाईडन्स व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमतीपेक्षा, आमची किंमत वर होती, तोही प्रश्न नव्हता. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून त्यानं एक टक्का, म्हणजे 58 हजार, टीडीएस कापून माझ्या पॅनवर भरला. सब-रजिस्ट्रारकडं कन्नड मसुद्यावर सही करताना वकिलाकडून प्रत्येक ओळ मराठीत वाचून घेतली. बोलण्यापुरतं जमतं, पण कायद्याचं कन्नड माझ्या डोक्यावरून जातं.

कराचं काय, हे मी त्या वेळी दोन ठिकाणी विचारलं. एक, इंग्लंडमधला भाचा. तो म्हणाला, "मामा, राहतं घर विकलं की टॅक्स नसतो." त्यांच्याकडं खरंच तसं आहे. मुख्य राहत्या घराच्या नफ्यावर सूट मिळते. दोन घरं असतील तर दुसरं घर आल्यापासून दोन वर्षांत मुख्य कुठलं ते कळवता येतं, आणि पूर्वी राहतं असलेल्या घराचे विक्रीआधीचे शेवटचे नऊ महिने तिथं राहत नसलात तरी सवलतीत धरतात. मला ते इतकं न्याय्य वाटलं की इथंही तसंच असणार असं मी मानूनच टाकलं. आपल्याकडं मात्र तुम्ही त्या घरात राहत होता की भाड्यानं दिलं होतं, याला किंमत नाही. नफा झाला की कर लागतो. सूट मिळते ती मुख्यतः तो नफा पुन्हा घरात घातला तर. दुसरं ठिकाण म्हणजे काँग्रेस विहिरीकडं सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी. त्यांचा निकाल असा: "घराचा पैसा घरात घातला की संपलं." ऐकायला बरोबर, पण यातला "घरात घातला" हा शब्द भलताच निसरडा.

आता ऑफिसातल्या त्या टेबलाकडं परत येतो. तिनं मला तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम 54 समजावलं, मी एकेकाळी तिला त्रैराशिक समजावलं तसं, न चिडता. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेलं घर विकून झालेल्या नफ्यातून तुम्ही दुसरं घर विकत घ्यायचं: विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत. नाहीतर बांधायचं, विक्रीनंतर तीन वर्षांत. घेणं किंवा बांधणं. शहापूरचं घर मी घेतलं नव्हतं, ते वारशानं आलेलं. बांधलंही नव्हतं, ते उभंच होतं. मी त्याची कौलं बदलली, फरशी घातली, भिंतींना चुना-सिमेंट केलं.

"पण राहण्यासारखं नव्हतं गं ते! छप्पर नव्हतं!"

"छप्पर तुम्हीच काढलंत ना, सर."

मग तिनं बारकावा सांगितला. पडीक घर नव्यानं विकत घेतलं आणि ते राहण्याजोगं करायला खर्च केला, तर तो खरेदीच्या किमतीत धरावा असे निकाल आहेत. पण आधीपासून स्वतःच्या मालकीच्या घराची डागडुजी कितीही लाखांची केली तरी ती डागडुजीच. "तुमची ही फाईल वाया नाही," ती म्हणाली, "उद्या शहापूरचं घर विकाल तेव्हा हाच खर्च सुधारणेचा म्हणून वजा होईल. जपून ठेवा." मी बासष्टाव्या वर्षी, बहिणीला शब्द दिलेलं घर कधी विकणार होतो?

आणि मग उलट प्रश्न आला, जो मला कधी सुचलाच नसता. "विकलेल्या फ्लॅटवर काही खर्च केला होता का?"

केला होता की. 2015-16 मध्ये दोन्ही न्हाणीघरं फोडून पाइप बदलले होते, सगळ्या घरात फरशी नवीन घातली होती, खालच्या मजल्यावर पाणी झिरपतंय म्हणून. ते बिल मात्र सापडेना. शहापूरच्या प्रत्येक खिळ्याची पावती माझ्याकडं होती, कारण ती "करासाठी" ठेवायची असं डोक्यात होतं. जे खरंच करासाठी लागणार होतं ते कुठं गेलं कुणास ठाऊक. घरी येऊन तीन दिवस पोती उपसली. शेवटी सौ.नं काढून दिलं, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून: 1 लाख 85 हजार, दुकानाचा शिक्का, चेकचा नंबर. फरशीची निवड तिनं केली होती म्हणून तिनं ठेवलं होतं. त्या एका कागदानं किती वाचले ते पुढं आहेच.

हिशेब मांडतो, कारण आमच्या फिरायच्या मंडळींत निम्म्यांना वाटतं की विक्रीच्या सगळ्या रकमेवर कर असतो.

विक्री 58,00,000. एजंटाचं एक टक्का कमिशन गेलं, राहिले 57,42,000. खरेदी 14,20,000, पण ती आहे तशी वजा होत नाही, महागाईच्या निर्देशांकानं फुगवून होते. 2008-09 चा निर्देशांक 137, विक्रीच्या वर्षाचा, 2024-25 चा, 363. म्हणून 37,62,482. न्हाणीघर-फरशीचे 1,85,000, त्या वर्षाचा निर्देशांक 254, म्हणून 2,64,390. नफा उरला 17,15,128. त्यावर वीस टक्के आणि वर चार टक्के सेस, म्हणजे 3 लाख 57 हजारांच्या आसपास. दिवाळी अंकांतल्या त्या बिलानं 55 हजार वाचवले.

यात नशिबाचाही भाग आला. 23 जुलै 2024 पासून नियम बदलला: साडेबारा टक्के, पण निर्देशांकाशिवाय. त्याआधी घेतलेल्या घर-जमिनीला जुन्या पद्धतीनं कर कमी बसत असेल तर तो तसा मोजायची मुभा नंतर दिली. पण आमची विक्री मे महिन्यातली, त्यामुळं आम्हाला ती तुलना करायची वेळच आली नाही. रिटर्नच्या फॉर्ममध्ये त्या वर्षी 23 जुलैच्या आधी आणि नंतर असे वेगळे रकाने होते, एवढाच त्याचा त्रास.

मी तो 17,15,128 चा आकडा बघत बसलो. माझी फाईल 17,40,000 ची. केवढं सुरेख जुळत होतं!

"मागचं पडलंय म्हणालात," ती म्हणाली. "तिथं काय आहे आता?"

"चिखल. आणि आड."

"जागा तुमच्याच नावावर? मग तिथं बांधा. नवीन. पायापासून. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा दरवाजा. हेस्कॉमचं, विजेचं, वेगळं मीटर. महानगरपालिकेची परवानगी. मे 2027 पर्यंत वेळ आहे तुम्हाला."

सौ.ला सांगितलं तर तिचं म्हणणं, दोघांना कशाला दोन स्वयंपाकघरं. मुलगी पुण्याहून आली की जावयाला सोप्यात झोपवतो आपण, मी म्हटलं. ते तिला पटलं. साडेपाचशे चौरस फूट, एक खोली-स्वयंपाकघर-न्हाणीघर, अंदाज 14 लाख. सगळा नफा झाकायला 17 लाख पाहिजे होते, पण आडाभोवतीची जागा सोडून त्यापेक्षा मोठं तिथं बसत नव्हतं. आड बुजवा असं दोघांनी सुचवलं. उन्हाळ्यात गल्लीत नळाला पाणी नसतं तेव्हा तेच दोघं घागर घेऊन आमच्याकडं असतात.

पण बांधकाम सुरू व्हायच्या आत रिटर्नची तारीख येत होती. तोवर खर्च न झालेला पैसा तुमच्या साध्या बचत खात्यात पडून असेल तर सूट जाते. तो "कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, 1988" च्या खात्यात भरावा लागतो, रिटर्नच्या मुदतीच्या आत. त्या वर्षी 31 जुलैची मुदत वाढवून 15 सप्टेंबर 2025 केली होती. "तुम्ही 31 जुलैच धरा," ती म्हणाली. माझ्या वर्गात ती गृहपाठ दोन दिवस आधी देणारी होती.

एका सरकारी बँकेच्या पहिल्या शाखेत मला सांगितलं, असं खातंच नसतं. दुसऱ्या शाखेत सांगितलं, असतं पण इथं नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी कपाटातून फॉर्म 'ए' काढला, दोन प्रतींत भरून घेतला आणि विचारलं, "टाइप ए की टाइप बी?" ए म्हणजे बचत खात्यासारखं, बी म्हणजे मुदत ठेवीसारखं. पैसे तुकड्या-तुकड्यानं लागणार म्हणून मी ए घेतलं. 28 जुलैला 14 लाख त्यात गेले. उरलेल्या 3,15,128 वर कर आणि सेस मिळून 65,547. त्यातले 58 हजार टीडीएसनं आधीच गेले होते. म्हणजे वरून भरले साडेसात हजार. साठी ओलांडलेल्या आणि धंदा नसलेल्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून त्याचं व्याजही नाही. म्हातारपणाचे फायदे मोजायला बसलो तर हा वरच्या क्रमांकावर येईल.

पैसे आत घालणं सोपं होतं. बाहेर काढणं म्हणजे परीक्षा. पहिल्यांदा फॉर्म 'सी'. पुढच्या प्रत्येक वेळी फॉर्म 'डी', ज्यात मागच्या वेळचे पैसे कशावर घातले ते लिहायचं. काढलेला पैसा साठ दिवसांत खर्च करायचा, उरला तर लगेच परत भरायचा. आणि तेव्हाच्या नियमानं पंचवीस हजारांवरची रक्कम असेल तर बँक डीडी देणार, तोही ज्याला द्यायचाय त्याच्या नावानं.

नोव्हेंबरात, परवानगी हातात आल्यावर, पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा मी मेस्त्रीला हे सांगितलं.

"डीडी?" त्यानं थापी खाली ठेवली. "सर, पोरास्नी शनिवारी पगार द्यायचाय. डीडी घिऊन मी काय करू, पोरास्नी फाडून वाटू काय?"

"तुझ्या खात्यावर भर की."

"खातं हाय. पर ते ट्रॅक्टरच्या लोनचं हाय. पैसा गेला की बँक गिळतीय त्येला."

शेवटी त्याच्या बायकोच्या नावानं खातं निघालं. पण कामाचा करार त्याच्या नावाचा, मग तो नव्यानं तिच्या नावावर केला. आता आमच्या घराचा ठेकेदार म्हणजे कागदोपत्री ती. शनिवारी स्वतः येते, किती ब्रास वाळू आली, किती पोती उरली विचारते, आणि चिठ्ठीवर सही करते. खरं सांगायचं तर त्यानंतर सिमेंटची पोती मोजली तेवढी भरायला लागली. फॉर्म 'डी' भरायला तिच्या चिठ्ठ्या मला मेस्त्रीच्या तोंडी हिशेबापेक्षा फार उपयोगी पडल्या.

उशिराचा एक फायदा झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पुढच्या घरासाठी घेतलेलं सगळं सिमेंट 28 चं, मागच्या घराचं सगळं 18 चं. मी दोन वेगळ्या फाईली केल्या आहेत. एकीवर "नीट केलं", दुसरीवर "बांधलं" असं लिहून ठेवलंय. सौ. म्हणते दोन्ही फाईली एकाच पेटाऱ्यात ठेवू नका, तुमचा भरवसा नाही.

फेब्रुवारीत स्लॅब पडला. नवीन घर तीन वर्षं विकायचं नाही, नाहीतर सूट उलटते, आणि मे 2027 ला खात्यात जे उरेल त्यावर त्या वर्षी कर. आज तिथं 4 लाख 10 हजार आहेत, प्लास्टर, फरशी आणि मीटर राहिलंय. बहीण परवा येऊन बघून गेली. कौलांच्या मागं सपाट स्लॅब बघून काही बोलली नाही. आडावर वाकून पाणी किती आहे तेवढं बघितलं, आणि आईचा बंब कुठं ठेवणार ते विचारलं. मागच्या न्हाणीघरात, मी म्हटलं. तिथं गीझरचा पॉइंट काढलाय, म्हणून तिनं प्लंबरला बोलावून भिंतीतलं धुराड्याचं भोक आत्ताच ठेवायला लावलं.